ओडिसी ऑफ द माइंडची शाळेची टीम: मुलं कशी निवडावी, सामान कुठून आणावं आणि कोचने हात कुठे आवरावा (नागपूर)

सातवी_ब (धागाकर्ती)

ओडिसी ऑफ द माइंड या मुलांच्या कल्पक प्रश्न-सोडवणुकीच्या स्पर्धेसाठी आमच्या शाळेत सहावी-सातवीची एक टीम उभी करायची आहे. कोच मीच. नियमपुस्तिका वाचून झाली, पण वाचणं वेगळं आणि दर शनिवारी सात मुलांना सांभाळणं वेगळं. वर्गशिक्षकांनी पहिल्या सात नंबरांची यादी हातात ठेवली आहे. तीच घ्यावी का? पाच प्रकारांपैकी कोणता प्रश्न निवडावा? बाल्साचा, म्हणजे त्या हलक्या लाकडाची भार पेलणारी रचना करायच्या प्रश्नाचा, मोह होतो आहे. नियमाने मना असलेली 'बाहेरची मदत' नेमकी कुठे सुरू होते? आणि सामान नागपुरात कुठे मिळेल? ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी बारकाव्यांसह लिहा, ही विनंती.

फूटपट्टी

यादी परत करा.

का ते गुणांवरून कळेल. लाँग-टर्मला (आधीपासून तयार करून मंचावर सादर करायचं उत्तर) २००, स्टाइलला (त्याच सादरीकरणाची सजावट) ५०, स्पॉन्टेनियसला (तिथल्या तिथे सोडवायचा प्रश्न) १००, एकूण ३५०. प्रत्येक भागात ज्या टीमचे मूळ गुण सर्वात जास्त तिला पूर्ण गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात. म्हणजे स्पॉन्टेनियसमध्ये तुम्ही पहिल्या टीमच्या निम्म्यावर असाल तर ५० गुण तिथेच गेले. ते स्टाइलच्या पूर्ण गुणांइतके झाले. तरी बहुतेक टीम सगळे शनिवार पुठ्ठा रंगवण्यात घालवतात.

ही स्पर्धा १९७८ साली न्यू जर्सीत सुरू झाली. ग्लासबोरो स्टेट कॉलेजातले प्राध्यापक सॅम मिक्लस विद्यार्थ्यांना चाकं नसलेलं वाहन किंवा तळं ओलांडायचं साधन करायला सांगत, आणि गुण यशापेक्षा कल्पनेला आणि धाडसाला देत. आजही गुणपत्रिकेत 'किती वेगळं' हा रकाना सतत भेटतो. पाठांतरात पहिला आलेला मुलगा तिथे चमकेलच असं नाही.

निवडीसाठी ४० मिनिटांची एक बैठक पुरते. चार-चारचे गट करा, प्रत्येक गटाला वर्तमानपत्राची ६ पानं आणि हातभर चिकटपट्टी द्या आणि टेबलावर सर्वात उंच उभं राहील असं काही करायला सांगा. तुम्ही उंची पाहू नका. कोसळल्यावर कोण काय करतं ते पाहा. 'तुझ्यामुळे पडलं' म्हणणारा एक, आणि न बोलता पुन्हा गुंडाळी करायला घेणारा एक, असे दोघे प्रत्येक गटात दिसतात. दुसरा घ्या. त्याशिवाय टीममध्ये एक तरी शिवणकाम किंवा सुतारकाम आवडणारं, एक न बिचकता बोलणारं आणि एक हिशोब ठेवणारं मूल हवं. सातही जण नाटकातले असतील तर मोटर कोण जोडणार?

विभाग सर्वात मोठ्या मुलाच्या वयावर ठरतो. १२ च्या आतले पहिल्या विभागात, १५ च्या आतले दुसऱ्यात, आणि वय १ मेला मोजतात. सातवीची मुलं दुसऱ्या विभागात बसतात. जन्मदाखले आताच पाहून घ्या.

हात_मागे

बाहेरच्या मदतीबद्दल लिहितो, कारण भल्या माणसांची टीम इथेच गुण गमावते.

नियमाचा गाभा सोपा आहे. उत्तरातली प्रत्येक कल्पना, प्रत्येक काप, प्रत्येक टाका त्या सात जणांचा. कोच कौशल्य शिकवू शकतो, उपाय सांगू शकत नाही. तुम्ही चिंधीवर धावदोरा शिकवला तर ते शिक्षण झालं. पोशाखाची बाही कुठे जोडायची हे दाखवलं तर ती मदत झाली. शिंप्याकडून पोशाख शिवून घेणं, फ्लेक्सवाल्याकडून पडदा डिझाइन करून घेणं, स्पर्धेच्या सकाळी आईने वेणी घालून देणं आणि रंगरंगोटी करणं, हे सगळं मदतीतच येतं. बाजारात सगळ्यांना मिळणारी तयार वस्तू मात्र चालते, तिची किंमत हिशोबात धरायची. सामान उचलून मंचाजवळ नेऊन द्यायला पालक चालतात. तिथे सुटलेला खिळा ठोकायला नाही.

आता रोजचा प्रसंग घ्या. मुलांनी पुठ्ठ्याचा बुरूज केला आणि तो डावीकडे झुकतो आहे. कारण तुम्हाला दिसतं आहे: खालची घडी एका बाजूला ओली राहिली. तोंडातून 'खाली टेकू द्या' निघायच्या आत असं विचारा:

'काय होतंय ते मला डोळे मिटून समजेल असं सांग.'
'पडतोय.'
'कुठून पडायला सुरुवात होते?'
'मधून... नाही, खालून.'
'खालचं आणि वरचं यात फरक काय आहे?'
मूल बोटाने दाबून पाहतं. 'खालचं मऊ लागतंय.'

इथे थांबायचं. त्यानंतर मुलं वाळवतील, टेकू देतील, नाहीतर झुकणारा बुरूजच गोष्टीत घेतील. ज्या प्रश्नाच्या आत उत्तर लपलेलं असतं तो प्रश्न म्हणजेही मदत. 'इथे टेकू दिला तर?' हा प्रश्न नव्हे, ती सूचना आहे.

पहिल्या पालकसभेत हे स्पष्ट सांगा आणि घरी काही बनवायला देऊच नका. वस्तू घरी गेली की काका, मामा, शेजारचे इंजिनिअर सगळे जमतात. शेवटी मदतीच्या फॉर्मवर मुलांना खरं लिहून सही करायची असते.

सातवी_ब

'डोळे मिटून समजेल असं सांग' हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. मुलांना करवत, ड्रिल वापरू द्यायची का?

हात_मागे

हाताची करवत, पक्कड, ग्लू गन चालेल. आधी निरुपयोगी तुकड्यावर शिकवा आणि डोळ्यांना गॉगल सक्तीचा करा. ज्या साधनाची मुलांच्या हातात भीती वाटते ते साधन लागणारा आराखडाच मुलांनी बदलायचा. 'एवढं मी कापून देते' ही सवय एकदा लागली की सुटत नाही.

बाल्सा_ग्रॅम

रचनेचा प्रश्न घ्यायचा असेल तर हे सावकाश वाचा. प्रश्न दर वर्षी बदलतो, तरी साचा साधारण असा असतो: फक्त बाल्सा आणि गोंद, पट्टीची जाडी जास्तीत जास्त १/८ इंच बाय १/८ इंच, रचनेची उंची किमान ८ इंच, मधून आरपार मोकळी जागा, आणि एकूण वजनाला ग्रॅमची मर्यादा. इथे उदाहरणादाखल ती १८ ग्रॅम धरू. तुमच्या वर्षाचे आकडे प्रश्नपत्रिकेतूनच घ्या.

पहिली खरेदी लाकडाची नाही, काट्याची. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवा. ३६ इंची पट्टीचं घनफळ सुमारे ९ घनसेंटिमीटर. मध्यम बाल्साची पट्टी दीड ग्रॅमच्या आसपास भरते, हलकी एक ग्रॅमच्या खाली जाते. म्हणजे १८ ग्रॅमात साधारण १२ मध्यम पट्ट्या, गोंद वेगळा. प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने वजन लिहा. जड आणि ताठ पट्ट्या खांबांना, हलक्या तिरक्या आडव्यांना. कोणती कुठे हे मुलांनीच ठरवायचं. तुम्ही फक्त 'दोन पट्ट्या सारख्या दिसतात, सारख्या वाकतात का?' इतकं विचारा.

खांब चिरडून कमी मोडतात, वाकून जास्त मोडतात. वाकण्याचा भार मोकळ्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. २० सेंटिमीटरचा खांब मध्ये एका ठिकाणी बांधला तर तत्त्वतः चौपट भार घेतो. हा नियम विज्ञानाच्या तासासारखा शिकवला तर चालतो, कारण तो सामान्य ज्ञानाचा भाग आहे. आडवी पट्टी कुठे लावायची ते सांगितलं की मदत झाली. मुलांना झाडूची एक काडी पूर्ण लांबीची आणि एक अर्धी देऊन वरून दाबायला लावा, बोटांनाच कळतं.

सर्वात जास्त रचना टोकांमुळे पडतात. एक खांब अर्धा मिलिमीटर आखूड राहिला तर बाकीचे तीन सगळा भार घेतात, रचना पिळते आणि आवाज येतो तोवर खेळ संपलेला असतो. सपाट काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा आणि पूर्ण रचना उभी धरून वर्तुळाकार घासायची, आधी खालून, मग वरून. काचेवर ठेवून टॉर्च मागे धरली की फट दिसते.

गोंद. पांढरा लाकडी गोंद चांगला, पण सांध्याला अर्धा तास दाब आणि २४ तास वाळवण लागते. त्यातलं पाणी उडून गेल्यावरच वजन खरं. फेविक्विकच्या जातीचा गोंद लगेच धरतो पण ठिसूळ असतो आणि सांध्यात फट असेल तर निकामी. तो हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो, म्हणून आपल्याकडच्या कोरड्या दिवसांत अंमळ उशीर करतो. मुलं मग अजून एक थेंब टाकतात. नको. तो कापसाने कधीही पुसू नका, कापसावर तो एकदम तापतो, बोट भाजतं.

आणि नागपूरकरांसाठी खास गोष्ट. बाल्सा हवेतला ओलावा पितं. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के पाणी असतं, ७५ टक्के असेल तर १४ च्या आसपास. आपल्या कोरड्या हवेत १७.५ ग्रॅमची झालेली रचना समुद्रकाठच्या गावी दोन दिवस उघडी राहिली तर १८ ओलांडेल. वजन मर्यादेपेक्षा ग्रॅम-दीड ग्रॅमने कमी ठेवा, प्रवासात झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट न्या आणि वजन करायची वेळ येईपर्यंत डबा उघडू नका.

चाचणीला जिममधली लोखंडी वजनं. खाली जुनी सतरंजी दुहेरी, पायात बूट, डोळ्यांना गॉगल. एका रचनेवर एकच चाचणी होते, म्हणून आधीपासून किमान ८ रचना मोडायचा विचार ठेवा. मोडताना मोबाइलवर स्लो मोशन चित्रण करा. कुठला सांधा आधी सुटला हे डोळ्यांना दिसत नाही.

बर्डीवाला

सामानाचं माझ्याकडून. बाल्सा नागपुरात साध्या स्टेशनरीत मिळेलच असं धरून बसू नका. हॉबी सामान विकणाऱ्याकडून ऑनलाइन मागवा, तीन-चार आठवडे हाताशी ठेवून. पार्सलमध्ये पट्ट्या वाकतात, म्हणून पीव्हीसी पाइपात पाठवायला सांगा. मोटर, वायर, स्विच सीताबर्डीत. कापडाचे तुकडे गांधीबाग-इतवारीच्या ठोक बाजारात किलोवर मागून पाहा, रंगसंगती मुलं तिथेच जुळवतील. संत्र्याच्या पेट्या आणि क्रेट कळमन्यात. मोठी खोकी फ्रिज विकणाऱ्यांकडे: पाच थरांचा पुठ्ठा उभा राहतो, तीन थरांचा आठवड्यात मान टाकतो. बांबूच्या कमच्या बुरूड कारागिरांकडे. कमची कशी सोलायची हे त्यांच्याकडून मुलांनी शिकावं, सांगाडा मात्र स्वतः बांधावा.

थर्माकोल घेऊ नका. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे.

एक सुचवतो. पोळ्याच्या पाडव्याला मुलांना मारबत आणि बडगे पाहायला न्या. एवढा उंच पुतळा बांबू-कागदावर उभा राहून गर्दीतून चालतो कसा, हे जवळून पाहण्यासारखं आहे. त्याच दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीची चाकं खडबडीत रस्त्यावर का अडतात तेही बघा. रमण विज्ञान केंद्रातही एक दुपार जाऊ द्या. टीमचा प्रश्न ठरायच्या आधी हे सगळं झालेलं बरं.

सातवी_ब

मुलांचा कल वाहनाच्या प्रश्नाकडे दिसतो आहे. ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर दोन मोटर लावल्या. चाकं हवेत गरागरा फिरतात, जमिनीवर ठेवलं की गाडी ढिम्म. मुलं म्हणतात मोटर खराब आहे.

गिअर_आणि_घोळ

मोटर बहुतेक ठीक असेल. तो चौकोनी सेल रिमोट आणि मीटरसाठी असतो. त्याचा अंतर्गत रोध जास्त, म्हणून मोटरने प्रवाह ओढला की व्होल्टेज खाली बसतं. हे त्यांना सांगू नका, मल्टिमीटर द्या. चाक हवेत असताना एकदा मोजा आणि जमिनीवर टेकल्यावर एकदा. दोन आकडे शेजारी लिहिले की पुढचा प्रश्न ते स्वतःच विचारतील.

सामान्य माहिती म्हणून एवढं शिकवलं तर चालेल: ६५ मिलिमीटरच्या चाकाचा परीघ सुमारे २०४ मिलिमीटर. मोटर १०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला १०० फेऱ्यांची, असेल तर गाडी सेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जाईल. ५ मीटरला १५ सेकंद. ८ मिनिटांच्या सादरीकरणात किती फेऱ्या बसतात हा हिशोब मुलांनी करावा. आठ मिनिटांत मांडणीही येते बरं, ती वेगळी मिळत नाही.

पॉवर बँक वापरताना एक खोड लक्षात ठेवा. ओढ फार कमी झाली की बरेच पॉवर बँक आपोआप बंद होतात. सरावात गाडी सतत चालते म्हणून कळत नाही, मंचावर तीन मिनिटं उभी राहिली की मेलेली सापडते. पूर्ण आठ मिनिटांचा सराव थांब्यांसकट घ्या.

फरशी बदलली की गाडी बदलते. घरच्या टाइल्सवर सरळ जाणारी गाडी शाळेच्या कोटा फरशीवर घसरते, सभागृहाच्या लाकडी मंचावर फटीत अडकते. तीन वेगळ्या पृष्ठभागांवर चालवून पाहा. चाकाभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवणं हा जुना उपाय, पण तो त्यांनी शोधायचा.

पाचवं_उत्तर

स्पॉन्टेनियसकडे या आता. टीम खोलीत जाते, तोंडी आहे की हाताने करायचं आहे की दोन्ही, हे आत गेल्यावरच कळतं. तोंडी प्रकारात सर्वसाधारण उत्तराला १ गुण आणि कल्पक उत्तराला ५, अशी साधारण पद्धत.

सरावाचा नमुना: 'संत्र्याची रिकामी पेटी कशासाठी वापराल?' पहिल्या फेरीत स्टूल, कपाट, सशाचं घर, रोपांची कुंडी येतं. सगळी १ गुणाची. पण ती लवकर संपवणं गरजेचं असतं. तिसऱ्या फेरीत कोणीतरी म्हणतं, 'उन्हात ठेवीन, फटींतून जमिनीवर रेघा पडतील, वही संपली की तिथे लिहीन.' हे ५ चं. 'विदर्भाचं पर्जन्यमापक आहे, तळ कोरडा राहिला की दुष्काळ,' हेही ५ चं. असं उत्तर आलं की थांबून विचारा: ही उडी कशावरून घेतली? पेटीच्या उपयोगावरून नाही, तिच्या फटीवरून. फट, वास, सावली, आवाज, उलटी बाजू अशी दारं मुलांनी स्वतः शोधून भिंतीवर लिहावी.

पाळी सोडता येत नसेल तर एक अडलेलं मूल सगळ्या टीमला अडवतं. घड्याळ चालूच राहतं. म्हणून प्रत्येकाकडे एक राखीव साधं उत्तर असू द्या. १ गुणाचं उत्तर दिलं की पाळी पुढे सरकते, आणि शांततेला शून्य.

हातकामाचा नमुना: वर्तमानपत्राच्या १० गुंडाळ्या, ६० सेंटिमीटर चिकटपट्टी, ४ पोस्टकार्डं, ५ मिनिटं. दोन टेबलांत ४० सेंटिमीटर अंतर, त्यावर पूल, आणि वर नाणी. प्लास्टिकचे स्ट्रॉ २०२२ पासून बंद आहेत, पेन्सिलीभोवती तिरकी गुंडाळलेली अर्ध्या पानाची नळी त्याहून ताठ होते. इथे मुलं दोन चुका करतात. साडेतीन मिनिटं बोलतात आणि नाणी ठेवून पाहतच नाहीत. आणि गुण कशाला आहेत ते ऐकत नाहीत. नाण्यांच्या संख्येला गुण आहेत की कमी सामानाला, की एकमेकांशी कसं काम केलं त्याला? एकाने फक्त तेवढंच कान देऊन ऐकायचं. परीक्षकाला प्रश्न विचारता येतात, पण त्या वेळातही घड्याळ थांबत नाही.

प्रत्येक बैठकीची पहिली २५ मिनिटं याला द्या, शेवटची नाही. शेवटी मुलं दमलेली असतात. स्पर्धेत आलेला प्रश्न मात्र बाहेर कोणाला सांगायचा नसतो, हे त्यांना आधीच समजावून ठेवा.

फूटपट्टी

स्टाइल आणि हिशोब थोडक्यात. स्टाइलमध्ये १०-१० गुणांच्या पाच बाबी: साधारण दोन प्रश्नात दिलेल्या, दोन टीमने निवडायच्या आणि शेवटची एकूण परिणामाची. लाँग-टर्ममध्ये ज्याला आधीच गुण आहेत ती वस्तू मोकळ्या निवडीत लिहू नका. 'पोशाख' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचा खवल्यांचा कोट' लिहा, म्हणजे परीक्षक नेमकं तेच पाहतील.

खर्चाला डॉलरमध्ये मर्यादा असते. रंगाचा डबा अर्धा वापरला तर अर्ध्याची किंमत. जुनी वस्तू जुन्याच्या भावाने. हत्यारं धरत नाहीत. पावत्यांची पिशवी पहिल्या दिवसापासून हिशोबवाल्या मुलाकडे द्या, जानेवारीत आठवून लिहिलेला हिशोब जुळत नाही.

नियमात शंका आली तर टीमने आयोजकांकडे लेखी स्पष्टीकरण मागायचं. 'चालत असेल' असं मानून पुढे गेल्यावर मंचावर दंड बसतो. टीमचा फलक विसरला किंवा चुकीचा लिहिला तरीही बसतो. कोणत्या भाषेत सादर करायचं हेही नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या.

बर्डीवाला

सामान आगगाडीने न्यायचं असेल तर एकही फळी २ बाय ३ फुटांपेक्षा मोठी नको, घडी किंवा बिजागरी हवी. बर्थखाली काय मावतं ते पट्टी घेऊन आधी मोजा.

सातवी_ब

शेवटचे दोन प्रश्न. वेळापत्रक कसं आखावं? आणि मधेच एखाद्या मुलाने सोडलं तर?

हात_मागे

प्रादेशिक फेऱ्या साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि अंतिम फेरी मे महिन्यात अमेरिकेत असते. आपल्याकडे मध्ये सहामाही, दिवाळी, स्नेहसंमेलन, वार्षिक परीक्षा. म्हणून दिवाळीपर्यंत प्रश्न फोडून वाचणं, कौशल्यं शिकणं आणि ढीगभर कल्पना. डिसेंबरअखेर सगळं वेडंवाकडं का होईना, पण चालतं-बोलतं. जानेवारी फक्त आठ मिनिटांच्या सरावाला. दर शनिवारी अडीच तास पुरतात.

मुलाचं म्हणाल तर नियम कडक आहे. टीम सातपर्यंतचीच, आणि ज्याने एकदा हातभार लावला त्याचं नाव राहतं. त्याच्या जागी आठवा घेता येत नाही. म्हणून सुरुवात सहा जणांवर करा आणि सातवी जागा दिवाळीपर्यंत रिकामी ठेवा. तोवर टीमलाच कळतं की आपल्यात काय कमी आहे, शिवणारं की सोल्डर करणारं.

सातवी_ब

मग सहाच घेते. या शनिवारी वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी, प्रश्नपत्रिका कपाटात. काटा आजच मागवला.